इंजिन खोलण्यापूर्वी

‘इंजिनचे काम निघाले आहे’ हे गॅरेजमधून आलेले वाक्य मध्यमवर्गीय घरात जवळजवळ ‘शस्त्रक्रिया करावी लागेल’ या वाक्याइतकेच गांभीर्याने ऐकले जाते. क्लचप्लेट बदलली, बॅटरी नवी घेतली, टायर टाकले, या खर्चांसाठी कुणी घरात बैठक बोलावत नाही. इंजिनाचा विषय निघाला की मात्र तीन मते हमखास पुढे येतात. एक म्हणतो, गाडी काढून टाका. दुसरा म्हणतो, मिस्त्री सांगतो तसे करून घ्या. आणि घरात एखादा हाताला वळण असलेला तरुण असेल तर तो म्हणतो, आपणच खोलू या, चौथ्या हिश्श्यात काम होईल.

हे तिसरे मत हसण्यावारी नेऊ नये, आणि त्यावर लगेच मानही डोलावू नये. बँकेत माझी उमेदीची सगळी वर्षे कर्जप्रस्ताव तपासण्यात गेली. त्या कामाने एक सवय लावली. अर्जदाराचा उत्साह आणि प्रस्तावातील आकडे हे दोन वेगळ्या कागदांवर वाचायचे. गेल्या वर्षी आमच्याच कुटुंबात असा एक प्रस्ताव आला. तो वाचकांपुढे मांडतो, कारण जुनी गाडी जपून वापरणारी कुटुंबे आपल्यात पुष्कळ आहेत.

गाडी मारुती ८००, २००३ सालची. माझ्या थोरल्या बंधूंनी ती हौसेने घेतली. ते गेल्यावर ती जयसिंगपूरला पुतण्याकडे राहिली. या गाडीविषयी आपल्या पिढीला वेगळे सांगायला नको. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या गाडीची किल्ली ग्राहकाला मिळाली आणि जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबले. मधल्या तीस वर्षांत ‘घरची पहिली गाडी’ म्हणजे हीच, असे समीकरण झाले होते. तीन सिलिंडर आणि ७९६ सीसी एवढेच तिचे इंजिन. बॉनेट उघडले की बाजूला हात घालायला जागा दिसते आणि ‘हे आपल्याला जमेल’ असे वाटू लागते. आजच्या गाड्यांत प्लास्टिकच्या झाकणाखाली काय आहे तेही दिसत नाही, म्हणून तो मोहही होत नाही.

पुतण्याचे शेती-औषधांचे दुकान आहे. गाडीला दोन कामे. दुकानाची किरकोळ ने-आण, आणि मंगळवारी व शुक्रवारी वहिनींना डायलिसिससाठी मिरजेला नेणे. मे महिन्यातल्या एका दुपारी ती रस्त्यात तापली, काटा लाल रेषेला टेकला, बॉनेटखालून वाफ आली. गॅरेजवाल्याने रेडिएटरचे झाकण उघडून पाहिले, गाडी सुरू केली, कान दिला आणि सांगितले, ‘हाफ इंजिनने भागणार नाही, फुल इंजिन करा.’ गॅरेजच्या बोलीत हाफ म्हणजे ढोबळमानाने वरचे काम, हेड, व्हॉल्व्ह, रिंगा. फुल म्हणजे खाली क्रँकपर्यंत सगळे. अंदाज ३५,००० रुपये, मुदत आठ दिवस. पुतण्याचा मुलगा मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याने त्याच रात्री मला फोन केला, ‘आजोबा, बाबांना सांगा ना, मी करतो.’

मी त्याला विचारले, ‘काय करतोस?’ त्याचे उत्तर होते, ‘इंजिन.’

येथेच पहिली अडचण होती. कर्जदाराने ‘पैसे हवेत’ एवढेच म्हटले तर अधिकारी विचारतो, कशासाठी? गाडी तापली हे लक्षण आहे, रोग नव्हे. तापण्यामागे बंद पडलेला पंखा असू शकतो, तुंबलेला रेडिएटर, अडकलेला थर्मोस्टॅट, झिजलेला पाण्याचा पंप असू शकतो. तापल्यामुळे काय बिघडले हा त्यापुढचा, निराळा प्रश्न. हेड आणि ब्लॉक यांच्यामध्ये जो गॅस्केटचा पातळ थर असतो, ज्याला मिस्त्री ‘हेड पॅकिंग’ म्हणतात, तो तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या ठेवतो: जळणाऱ्या वायूचा दाब, थंड करणारे पाणी आणि वंगणाचे ऑइल. हेड ॲल्युमिनियमचे. ते फार तापले की किंचित वाकते, गॅस्केट एखाद्या ठिकाणी दाब सोडते, आणि मग या तिन्ही गोष्टी एकमेकींत मिसळू लागतात. डिपस्टिकवर ऑइलऐवजी दुधाच्या चहासारखा फेस, सायलेन्सरमधून न थांबणारा पांढरा धूर, रेडिएटरमध्ये बुडबुडे, ही त्याची ओळख. पण क्रँकची बेअरिंगे गेली असतील तर ओळख वेगळी. खालून जड ठोका ऐकू येतो, ऑइलचा लाल दिवा गरम इंजिनावर लुकलुकतो. आमच्या गाडीत ठोका नव्हता आणि दिवाही शांत होता. मग ‘फुल इंजिन’ कशाच्या आधारावर?

कॉम्प्रेशनची चाचणी हा त्यावरचा स्वस्त उपाय. स्पार्क प्लग काढायचे, इंधन आणि ठिणगी बंद ठेवायची, प्लगच्या जागी गेज लावून स्टार्टर फिरवायचा आणि प्रत्येक सिलिंडरचा दाब लिहून घ्यायचा. जो सिलिंडर कमी दाखवतो, त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचे. दाब वाढला तर रिंगा झिजल्या आहेत, कारण ऑइलने फट तात्पुरती बुजते. वाढला नाही तर दोष वर आहे, व्हॉल्व्हमध्ये किंवा गॅस्केटमध्ये. गावातल्या एका निवृत्त मिस्त्रींनी आपले गेज आणून ही चाचणी केली. पहिला सिलिंडर ठणठणीत, दुसरा आणि तिसरा दोन्ही कमी, ऑइल घालूनही जवळजवळ तितकेच. शेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी दाखवू लागले की त्यांच्यामधली गॅस्केटची पट्टी जळाली असावी, असा संशय येतो. मिस्त्री म्हणाले, ‘खालचं इंजिन खोलू नका. ते चांगलं आहे, त्याला हात लावून बिघडवाल.’ मग दुसऱ्या एका गॅरेजात केवळ हेडच्या कामाचा दर विचारला. १४,००० रुपये, पाच दिवस.

म्हणजे पाना हातात घेण्याआधीच २१,००० रुपये वाचले होते. स्वतः दुरुस्ती करण्याच्या बाजूने जे आकडे सांगितले जातात, त्यांत ही गल्लत फार वेळा असते. बचत निदानातून झालेली असते आणि तिचे श्रेय श्रमाला दिले जाते.

दरम्यान ‘गाडी काढून टाका’ हे मतही जोर धरून होते. बाजारात तिला कुणी पन्नास हजार दिले तरी पुष्कळ, मग तिच्यावर खर्च का करायचा, असा युक्तिवाद. ऐकायला तो सरळ वाटतो. पण दुरुस्तीचा खर्च गाडीच्या बाजारभावाशी ताडून पाहणे हा अपुरा हिशोब आहे. ताडायचे ते त्याच कामाला येणाऱ्या दुसऱ्या गाडीच्या किमतीशी, आणि ती किंमत लाखांत जाते. घसारा पुस्तकात कितीही लिहिला तरी मिरजेची फेरी गाडीलाच करावयाची असते. पुतण्या म्हणाला, ‘काका, गेल्या वर्षीच टायर आणि बॅटरीवर खर्च केला आहे, तो वाया जाईल.’ त्याला मी सांगितले की तो पैसा बुडाला असे धर आणि निर्णयातून वगळ. टायर मात्र वगळू नकोस, ते अजून गाडीला आहेत आणि पुढची दोन-तीन वर्षे चालतील. मागचा खर्च वेगळा आणि पुढचा उपयोग वेगळा. नोंदणीचेही पाहावे लागते. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, नंतर पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण, आणि मोटारगाडीचे हे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाले. आमच्या गाडीचे नूतनीकरण २०२३ मध्ये होऊन २०२८ पर्यंत प्रश्न मिटलेला होता. सहा महिन्यांत नोंदणी संपणार असती तर माझे मत वेगळे झाले असते. बंधूंची आठवण हाही एक मुद्दा होताच. तो मी नाकारला नाही, पण त्याला वेगळे खाते उघडायला सांगितले. भावनेसाठी किती द्यायचे ते ठरवून द्यावे, तांत्रिक कारणांच्या आड लपवून देऊ नये.

जुन्या बाजारातले दुसरे इंजिन बसवण्याचा एक सल्लाही आला. त्यातली मेख फारशी कुणी सांगत नाही. इंजिनाचा क्रमांक ब्लॉकवर कोरलेला असतो आणि नोंदणी पुस्तकात लिहिलेला असतो. ब्लॉक बदलला की क्रमांक बदलतो, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे परिवहन कार्यालयाची मान्यता व नोंद लागते. विमा कंपनीलाही कळवावे लागते. हे न करता धावणारी गाडी अपघाताच्या दिवशी मालकाला एकटे पाडते. शिवाय ते इंजिन कुणाच्या गाडीतून, कोणत्या अवस्थेत निघाले, याची हमी कोण देणार?

आता मूळ प्रश्न. घरी करायचे की गॅरेजात? मी नातवाला वहीचे एक पान दोन भागांत आखायला लावले. गॅरेजचे १४,००० आणि पाच दिवसांत वहिनींच्या दोन फेऱ्या भाड्याच्या गाडीने, थांबण्यासह प्रत्येकी ८०० रुपये, म्हणजे एकूण १५,६००. घरी केले तर गॅस्केटचा संच, टायमिंग पट्टा, पाण्याचा पंप, थर्मोस्टॅट, पंख्याचा स्विच, कूलंट, ऑइल, फिल्टर, हेडचे फेसिंग आणि व्हॉल्व्ह बसवणे मिळून ८,०००. टॉर्क रेंच आणि इतर हत्यारे ४,०००. त्याने स्वतः सांगितलेली मुदत तीन आठवडे, म्हणजे सहा फेऱ्यांचे ४,८००. बेरीज १६,८००. नातू वहीकडे पाहतच राहिला. घरी केलेले काम बाराशे रुपयांनी महाग होते.

यावरून ‘मग गॅरेजातच द्या’ असे ठरले असते तर मी हरकत घेतली नसती. दुकान सांभाळणाऱ्या माणसाच्या वेळेची किंमत मी या पानावर लिहिलीच नव्हती, तो आकडा आणखी वर गेला असता. पण आकडे स्पष्ट झाल्यावर खरे कारण बोलता आले. मुलगा शिकणार होता, हत्यारे घरात राहणार होती, आणि आत कोणते सामान पडले हे डोळ्यांना दिसणार होते. पुतण्या म्हणाला, ‘कॉलेजच्या फीपेक्षा हे स्वस्त आहे, काका.’ कारण पैशाचे नाही हे ठाऊक असताना घेतलेला निर्णय मला मान्य आहे. मी एकच अट घातली. डायलिसिसच्या फेऱ्या दुप्पट मुदतीच्या, म्हणजे सहा आठवड्यांच्या धरायच्या, भाड्याची गाडी आधी ठरवायची आणि ९,६०० रुपये बाजूला काढायचे. रुग्णाची फेरी नातवाच्या वेळापत्रकावर अवलंबून ठेवता येणार नव्हती.

मग काम वाटून घेतले. कसोटी अशी की चूक झाली तर ती परत फिरवता येते का? नळी चुकीच्या जागी लागली तर काढून लावता येते. पाण्याचा पंप गळला तर पुन्हा बसवता येतो. त्रास होतो, नुकसान होत नाही. पण हेडचा पृष्ठभाग घासायचा, व्हॉल्व्हच्या सीटा कापायच्या, सिलिंडर बोअर करायचा किंवा क्रँक ग्राइंड करायचा, तर एकदा काढलेला धातू परत चढत नाही. तेथे मोजमाप शतांश मिलिमीटरचे असते. हेड वाकले आहे का हे पाहण्यासाठी त्यावर सरळ पट्टी लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर धरून खाली फीलर गेजची पाती सरकवतात. अनेक इंजिनांत ०.०५ ते ०.१० मिलिमीटरच्या पुढे फट चालत नाही. घरातली फूटपट्टी येथे उपयोगाची नाही. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात असे काम करणारी दुकाने आहेत. ऑइल इंजिनांच्या दिवसांपासून त्या भागाचे हात या मापांना सरावलेले आहेत. तेव्हा खोलणे, स्वच्छ करणे, नोंद ठेवणे आणि जुळवणे घरी, मोजणे आणि घासणे उद्यमनगरात, आणि जुळणीच्या दिवशी मिस्त्रींची उपस्थिती, असे ठरले.

प्रत्येक गाडीला ही वाटणी लागू पडत नाही. आजच्या डिझेल गाड्यांत इंधनाचा दाब हजार बारच्याही वर जातो. त्या नळीची फवारणी कातडी भेदून आत शिरू शकते. तेथे घरगुती प्रयोगाचा विचारही नको. वॉरंटीतल्या गाडीला हात लावणे म्हणजे हमी स्वतःच परत करणे. आणि आपल्या कृष्णा-पंचगंगेच्या काठावर पुरात बुडालेली गाडी ही तिसरी जात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये अनेकांनी पाणी ओसरताच किल्ली फिरवली. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. नेहमीच्या विमा पॉलिसीत यांत्रिक बिघाड आणि झीज मुळातच वगळलेली असते, आणि पाण्यात उभ्या गाडीची किल्ली फिरवल्याने झालेले इंजिनाचे नुकसान, त्यासाठीचे वेगळे संरक्षण घेतले नसेल तर, कंपनी सहसा मान्य करीत नाही. अशी गाडी ओढूनच न्यावी.

आमचे काम जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरू झाले. इंजिन पूर्ण थंड असताना हेडचे बोल्ट बाहेरून आत, थोडे थोडे करून सैल करायचे, नाहीतर हेड वाकायचे राहिले असेल तेही वाकते. नातवाने पुठ्ठ्यावर हेडचे चित्र काढून प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी खोचून ठेवला, प्रत्येक नळीला चिठ्ठी बांधली आणि दर पायरीला मोबाइलवर छायाचित्र घेतले. ती मांडणी पाहून मला व्हाउचर लावलेली फाइल आठवली. हेड निघाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या सिलिंडरमध्ये गॅस्केटवर काळी जळकी रेघ स्पष्ट दिसली. जुने कूलंट त्यांनी अंगणात सांडू दिले नाही, झाकणाच्या डब्यात भरून ठेवले. त्यातले ग्लायकोल विषारी असते आणि चव गोडसर असल्यामुळे कुत्री-मांजरे ते चाटतात. मुलांच्या हातीही लागू देऊ नये.

पाचव्या दिवशी एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा गंजलेला स्टड मुळाशी तुटला. यूट्यूबवरील चित्रफितींत हात सराईत असतात आणि बोल्ट स्वच्छ. वीस वर्षांचा गंज त्यांत क्वचितच दिसतो. मुलाने ड्रिल हातात घेतले होते, मिस्त्रींनी ते काढून घेतले. ॲल्युमिनियममध्ये ड्रिल तिरके गेले की आटे जातात. हेड तसेच उद्यमनगरात गेले. स्टड काढण्याचे ६०० रुपये आणि चार दिवस जास्त लागले. फेसिंगही करावे लागले, पण थोडेच.

पंखा का फिरला नव्हता याचा शोधही तेव्हाच लागला. रेडिएटरचा थर्मो स्विच मेला होता. सामान दोनशे-चारशे रुपयांचे, पण तेच मूळ कारण. ते तसेच ठेवून नवे गॅस्केट घातले असते तर दुसऱ्या उन्हाळ्यात पुन्हा हेच पान आखावे लागले असते. इंजिन दुरुस्त करून दिले पण तापण्याचे कारण सांगितले नाही, अशा बिलावर वाचकांनी समाधान मानू नये. मी स्वतः आता गॅरेजात आधी तेवढेच विचारतो.

जुळणीला एक पूर्ण रविवार लागला. हेडचे बोल्ट मधून बाहेर, तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचने, सर्व्हिस मॅन्युअलमधील आकडा समोर ठेवून आवळले. टायमिंगच्या खुणा जुळवून पट्टा चढवला, मग हाताने क्रँकचे दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा त्याच जागी येतात का ते पाहिले. स्टार्टर मारण्याआधी हे केलेच पाहिजे, कारण हाताला अडथळा लागतो तेव्हा थांबता येते. प्लगची जोडणी काढून ऑइलचा दिवा विझेपर्यंत इंजिन फिरवले, आणि मग सुरू केले. सुरू झाल्याचा आनंद मिस्त्रींनी कुणाला करू दिला नाही. रेडिएटरचे झाकण उघडे ठेवून हवा निघेपर्यंत पाणी घालत राहिले आणि पंख्याकडे बोट दाखवून म्हणाले, ‘तो फिरला की मग बोला.’ काटा मध्यावर आला, आणखी थोडा सरकला, आणि पंखा फिरला.

एकूण २६ दिवस लागले. भाड्याच्या आठ फेऱ्या झाल्या, ६,४०० रुपये. स्टडचे ६०० धरून सगळा खर्च १९,०००, त्यात ४,००० ची हत्यारे घरात. पुढचा आठवडाभर रोज सकाळी, इंजिन थंड असताना, ऑइल आणि कूलंटची पातळी पाहून नातवाने वहीत लिहिली. हजार किलोमीटरला ऑइल पुन्हा बदलण्याची तारीखही त्याने तेथेच नोंदवली. ठरवलेली भाड्याची गाडी आम्ही आणखी एक आठवडा चालू ठेवली. त्यानंतरच्या मंगळवारी वहिनी आपल्या गाडीने मिरजेला गेल्या, आणि डिकीत पाच लिटर पाण्याचा कॅन होता.